छाप, रन आणि ट्रम्प कार्ड: चाकणच्या पोरांच्या डब्यातला इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. आणि तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल, तर उत्तमच. आपल्याकडे भरपूर वेळ आहे.

सुरुवात एका आकड्यानं करू. १ कोटी २६ लाख डॉलर. तेव्हाच्या दरानं साधारण १०० कोटी रुपये. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत एका लिलावात एवढी रक्कम मोजली गेली. बंगल्यासाठी नाही, हिऱ्यासाठी नाही. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासाठी. तळहातावर मावेल एवढा तुकडा, त्यावर मिकी मँटल नावाच्या बेसबॉल खेळाडूचं चित्र, आणि छापल्याचं वर्ष १९५२.

आता यातली गंमत बघा. हे कार्ड महाग म्हणून छापलंच नव्हतं. टॉप्स नावाच्या कंपनीला च्युइंगगम खपवायचं होतं, म्हणून पाकिटात खेळाडूंची कार्डं टाकली. पोरांनी गम खाल्लं, कार्डं जमवली, अदलाबदल केली, सायकलच्या चाकात फट्‌फट् आवाजासाठी अडकवली. मग पोरं मोठी झाली आणि घराघरांतल्या आयांनी साफसफाईत खोकी रिकामी केली. खुद्द कंपनीनंही तेच केलं. १९५२ च्या संचाची न खपलेली खोकी गोदामात जागा अडवत होती, ती १९६० मध्ये बोटीत भरून अटलांटिक महासागरात टाकून दिली! टाकून द्यायचा हा निर्णय घेणारे साय बर्जर हेच त्या संचाच्या निर्मात्यांपैकी एक होते.

म्हणजे त्या कार्डाची किंमत छापणाऱ्यानं ठरवली नाही, फेकणाऱ्यांनी ठरवली. बाकीची गेली, म्हणून उरलेलं मौल्यवान झालं. याचा उलटा पुरावाही आहे. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लोकांना वाटलं, कार्डं म्हणजे गुंतवणूक. सगळ्यांनी जपून ठेवली, कंपन्यांनी ढिगानं छापली. त्या काळातली बहुतेक कार्डं आजही लोकांच्या माळ्यावर पडून आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? चाकणला कुठं बेसबॉल? बरोबर आहे, बेसबॉल नव्हता. डबा मात्र होता. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, बुटाचं खोकं, नाहीतर जुनी कंपासपेटी. चाकण, भोसरी, आकुर्डी, पिंपरी, कुठंही वाढलेल्या चाळिशीतल्या माणसाला विचारा, "तुम्ही लहानपणी काय जमवायचा?" कामाच्या गडबडीत असला तरी थांबेल आणि सांगेल.

आज आपण असा एक डबा उघडणार आहोत. कुणा एकाचा नाही, या सगळ्या पट्ट्याचा. जमिनीत खणताना कसे थर लागतात, तसे याच्यातही थर आहेत. फक्त आपण तळापासून वर येऊ.

तळाचा थर: काडेपेटीचे छाप

सगळ्यात खाली काडेपेटीचे छाप. तुमच्या आजोबांच्या, काकांच्या वेळचे. काडेपेटी संपली की ती पाण्यात भिजवायची, वरचं चित्र हलक्या हातानं सोलायचं आणि वहीत दाबून वाळवायचं. घोडा, जहाज, चित्ता, किल्ली, आंबे, देवदेवता.

ही चित्रं आली कुठून? भारतात काडेपेटी आधी बाहेरून यायची. स्वीडन, जपान, ऑस्ट्रिया अशा देशांतून. तिथल्या कारखानदारांना कळलं होतं की भारतात माल खपवायचा तर वर देव हवा, किंवा वाचता न येणाऱ्यालाही ओळखू येईल असं चित्र हवं. दुकानात जाऊन माणूस नाव नाही सांगायचा, "घोडा छाप द्या" म्हणायचा. म्हणून त्या चित्राचंच नाव छाप पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून केलेले छापही काडेपेट्यांवर आले.

आणि इथं आपल्या भागाचा एक धागा लागतो. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या रंगीत प्रती काढणारा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे हलला तो मळवलीला. हो, तीच मळवली. पुणे–लोणावळा लोकलनं कार्ला-भाजे लेण्यांना जाताना उतरता, ती. चिंचवड स्टेशनवरून बसलात तर त्याच रुळावर पुढे. दगडावर चित्र काढून एकेक रंग वेगळा छापायचा, अशा पद्धतीनं तिथं लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला छापल्या गेल्या. त्याआधी देवाचं रंगीत चित्र घरात असणं ही श्रीमंतांची गोष्ट होती, आता ते साध्या घराच्या भिंतीवर आलं. छापखाना नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. १९७२ च्या आगीत तो जळाला.

काडेपेट्या देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या त्या १९२० च्या दशकात. स्वीडिश कंपनीनं १९२३ मध्ये विमको काढली, तिचा एक मोठा कारखाना आपल्या अंबरनाथला होता. त्याच सुमाराला तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचं काम शिकले आणि गावी परत येऊन त्यांनी धंदा सुरू केला. काडेपेटीला छाप लागतो, छापाला छापखाना लागतो. म्हणून शिवकाशीत छपाईचाही धंदा वाढला. फटाके, कॅलेंडरं, काडेपेट्या, सगळं एकाच गावात का, याचं उत्तर हे.

या थराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे छाप पोरांसाठी छापलेच नव्हते. मोठ्यांनी वापरून टाकलेली वस्तू पोरांनी उचलली. घरात पैसा असो-नसो, चूल तर प्रत्येकाची पेटायची. त्यामुळे छाप गरिबालाही मिळायचे आणि श्रीमंतालाही.

दुसरा थर: पाकिटं आणि छर्रे

आता काळ कारखान्यांचा. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशातला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीत शेकडो छोटी वर्कशॉपं. १९७० मध्ये इथल्या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

पोरांच्या डब्यात याचा पुरावा काय? छर्रे! बेअरिंग खराब झालं की त्यातल्या स्टीलच्या गोळ्या निघायच्या. काचेच्या गोटीपेक्षा जड, चकचकीत, आणि समोरच्याची गोटी फोडणाऱ्या. ज्याचे वडील किंवा मामा वर्कशॉपात, त्याच्याकडे छर्रे. आणि अख्खं बेअरिंग मिळालं तर फळीला लावून गाडी. उतारावर ती गाडी सोडली की आख्ख्या आळीला कळायचं. एखादं शहर कशावर जगतंय हे बघायचं असेल तर तिथली पोरं कशाशी खेळतात ते बघावं. नदीकाठच्या पोरांकडे शिंपले असतात, इथल्यांकडे बेअरिंग होतं.

छर्ऱ्यांबरोबर सिगारेटची रिकामी पाकिटं. कंपनी सुटली की गेटसमोरच्या टपरीवर गर्दी, आणि गर्दी पांगली की खाली पाकिटं. ती चपटी करायची, जमिनीवर रिंगण आखून मध्ये गठ्ठा ठेवायचा, आणि लांबून फरशीचा तुकडा मारून रिंगणाबाहेर काढायची. जेवढी बाहेर तेवढी तुझी. प्रत्येक ब्रँडचा भाव ठरलेला. चारमिनार, पनामा ही रोजची पाकिटं, म्हणून स्वस्त. क्वचित दिसणारं पाकीट महाग. परदेशी पाकीट सापडलं तर तो पोरगा त्या आठवड्यापुरता राजा. हा भाव कुणी शिकवला नव्हता. जे कमी दिसतं ते महाग, हा नियम टपरीसमोरच्या धुळीत बसून पोरांनी स्वतः शोधला होता. मँटलच्या कार्डाच्या लिलावात चालला, तोच नियम.

अमेरिकेतल्या कार्डांचं मूळही सिगारेटच्या पाकिटातच आहे, हे ऐकून गंमत वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाकिटं मऊ कागदाची असत, आतली सिगारेट मोडायची. म्हणून आधाराला पुठ्ठ्याचा तुकडा घालत. नुसता पुठ्ठा कशाला, त्यावर चित्र छापू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. होनस वॅग्नर या खेळाडूचं १९०९ च्या सुमाराचं प्रसिद्ध कार्ड तंबाखूच्याच पाकिटातलं. त्याची छपाई लवकर थांबली, म्हणून मोजक्याच प्रती उरल्या, आणि २०२२ मध्ये त्यातली एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीनं १८९६ मध्ये क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचा संच काढला होता. हे विल्स नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

तिसरा थर: बबलगममधले रन

इथपर्यंत सगळं सापडलेलं होतं. आता डब्यात पहिल्यांदा खास पोरांसाठी छापलेला कागद येतो.

१९८३ ला कपिल देवच्या संघानं वर्ल्ड कप जिंकला. १९८७ ला वर्ल्ड कपच भारत-पाकिस्तानात आला, रिलायन्स कप. त्यातली इंग्लंड-श्रीलंका मॅच ३० ऑक्टोबर १९८७ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर झाली. टीव्ही गावोगाव पोचत होता आणि क्रिकेटपटूचा चेहरा आता विकता येणार होता.

त्या काळात बिग फन नावाचं बबलगम यायचं. त्याबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं, आणि शिवाय रन किंवा विकेट. कुणाला एक रन निघायचा, कुणाला चौकार. ठरलेले रन आणि विकेट जमले की दुकानदाराकडे देऊन बदल्यात बक्षीस. त्यातली फ्लिपबुकं अनेकांना आठवतात. अंगठ्यानं फर्रकन पानं सोडली की बोलर धावत येऊन बॉल टाकायचा. ज्यांच्या घरी व्हिडिओ सोडा, टीव्हीही नव्हता, त्यांच्यासाठी तो खिशातला रिप्ले होता.

इथं एक मोठा बदल झाला. पोरांना तेव्हा कळला नाही, आपल्याला आता कळतो. काडेपेटीचा छाप रस्त्यावर सापडायचा. बबलगमचा रन विकत घ्यावा लागायचा. म्हणजे जमवायची हौस आता खाऊच्या पैशांना बांधली गेली. ज्याच्या घरी कंपनीचा पगार यायचा, त्याच्याकडे शंभर रन. ज्याच्या घरी कांदा-बटाट्याच्या भावावर सगळं अवलंबून, त्याच्याकडे भाव पडला की शून्य. चाकणच्या बाजारातला कांद्याचा भाव पोराच्या धावफलकावर दिसायला लागला म्हणा ना!

पोरांनी यातूनही वाट काढलीच. दुकानाबाहेर टाकलेली वेष्टणं तपासणं, एकाच्या विकेटच्या बदल्यात दुसऱ्याचे रन घेणं, दोघा-तिघांनी मिळून एकच डबा ठेवणं. भागीदारीतला डबा हा आमच्या गल्लीतला कायमचा भांडणाचा विषय होता, कारण बक्षीस एक आणि मालक तीन. ते फ्लिपबुक मग आळीपाळीनं एकेक आठवडा प्रत्येकाच्या घरी जायचं. लिहून ठेवायची गरज नव्हती, पण कुणाचा आठवडा कधी संपतो हे तिघांनाही तोंडपाठ असायचं.

चौथा थर: ट्रम्प कार्ड आणि केनिया

१९९० चं दशक. केबल टीव्ही आला आणि डब्यात ट्रम्प कार्डं आली. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पहिलवान, क्रिकेटपटू, विमानं, गाड्या.

खेळ सोपा. सगळी कार्डं वाटायची. वरचं कार्ड बघून आपण एक आकडा निवडायचा, समजा वजन, किंवा रन, किंवा गाडीचा टॉप स्पीड. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही कार्डं घ्यायची. वाटायला नशीब, पण निवडायला अक्कल. कुठल्या कार्डावरचा कुठला आकडा दमदार आहे हे पाठ असावं लागायचं. ज्या पोरांना पाढे येत नव्हते त्यांना पहिलवानांच्या छातीची मापं तोंडपाठ होती. गाड्यांच्या कार्डांवरून सीसी म्हणजे काय हे शाळेच्या कितीतरी आधी कळलं.

मग आला १९९६ चा वर्ल्ड कप. नाव? विल्स वर्ल्ड कप! १८९६ मध्ये ज्या विल्सच्या नावानं क्रिकेटपटूंची कार्डं निघाली, तेच सिगारेटचं नाव बरोबर शंभर वर्षांनी वर्ल्ड कपवर. तंबाखू आणि क्रिकेट यांचा संसार किती जुना होता बघा. २००१ मध्ये आयटीसीनं खेळांचं प्रायोजकत्व सोडलं आणि २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यानं असल्या जाहिरातींना बंदी आणली.

या वर्ल्ड कपमधली एक मॅच २९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्यात झाली. वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. आता ट्रम्प कार्डाच्या हिशोबानं बघा. वेस्ट इंडीजकडे ब्रायन लारा, कर्टली अँब्रोज, कोर्टनी वॉल्श. सगळी हुकमाची कार्डं. केनियाच्या खेळाडूंची कार्डं मिळणार कुठं? त्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती. केनिया १६६ वर ऑलआउट. पोरांच्या हिशोबानं मॅच संपलीच होती. मग लारा ८ वर आउट झाला, आणि वेस्ट इंडीजचा अख्खा संघ ९३ वर. केनिया ७३ रननी जिंकली. आपल्या पुण्यात, नेहरू स्टेडियमवर.

कार्डावरचे आकडे आधी काय झालं ते सांगतात, आज काय होणार ते नाही. दुसऱ्या दिवशी ट्रम्प कार्ड खेळताना लाराचं कार्ड काढलं की समोरचा नुसतं "केनिया!" म्हणायचा आणि सगळे हसायचे. खेळाच्या नियमात ते बसत नव्हतं, पण त्या आठवड्यात लाराचा भाव खरंच घसरला होता.

पाचवा थर: चाकण बदललं ते वर्ष

१९९९. ब्रिटानियानं वर्ल्ड कपच्या निमित्तानं मोठी योजना काढली. बिस्किटाच्या पुड्यावर रन छापलेले, १०० रन जमवा, पुस्तिका घ्या, नशीब असेल तर थेट इंग्लंडला वर्ल्ड कप बघायला जा. घरोघरी चहाबरोबर बिस्किटांचा खप वाढला आणि पुडे कात्रीनं कापून ठेवायला लागले. या वेळी नुसती पोरं नाही, आख्खं घर जमवत होतं. आजी सुद्धा विचारायची, "आज किती झाले रं?"

त्याच १९९९ मध्ये बजाजच्या चाकणच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं. संग्रामदुर्गामुळे इतिहासात आणि कांद्यामुळे बाजारात ओळखलं जाणारं गाव आता मोटारसायकलीचं झालं. दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, पल्सर आली. २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन या दोघांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले, पाठोपाठ महिंद्रा.

ट्रम्प कार्डावर मर्सिडीजचा टॉप स्पीड बघून ज्यानं चार कार्डं जिंकली असतील, त्याच्याच पिढीतली माणसं पुढे इथं गाड्या जोडायला, रंगवायला, तपासायला लागली. कुणाची जमीन गेली, कुणाला नोकरी लागली, कुणाची दोन्ही झाली. जमिनीच्या किमती, पगार, जीडीपी या सगळ्याच्या नोंदी सरकारकडे आहेत, कंपन्यांकडे आहेत. पण कार्डावरची गाडी गावात बनायला लागली तेव्हा गावातल्या पोरांना काय वाटलं, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नाही. असेल तर एखाद्या डब्यात, कार्डाच्या मागे पेनानं लिहिलेल्या नावात.

यानंतरचा थर तुमचा आहे. चिप्सच्या पाकिटातले प्लास्टिकचे टाझो, त्यावर पोकेमॉन. २००८ मध्ये आयपीएल आली आणि मग टॉप्सची क्रिकेट अटॅक्स कार्डं. हो, तीच टॉप्स, जिनं १९५२ ची कार्डं समुद्रात टाकली होती!

जो डबा आपण उघडलाच नाही

आता थोडं थांबू. आतापर्यंत ज्या डब्याबद्दल बोललो, तो बहुतेक पोरग्यांचा होता. पोरी काय जमवत होत्या?

फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. त्यांचा खेळ काचापाणी. ओंजळभर तुकडे जमिनीवर पसरायचे आणि बाकीचे न हलवता एकेक उचलायचा. हलला की डाव गेला. हात किती स्थिर लागतो, करून बघा! शिवाय सागरगोटे, चॉकलेटचे चंदेरी कागद, टिकल्यांची रिकामी पाकिटं, लग्नपत्रिकांवरचे गणपती. या डब्यात कुठलीच कंपनी रन टाकत नव्हती. कारण कंपन्यांनी गिऱ्हाईक म्हणून पोरगा डोळ्यांसमोर ठेवला होता. म्हणूनच पोरींचा डबा जास्त काळ सापडलेल्या वस्तूंचा राहिला. त्यात काकूच्या लग्नातली हिरवी काच असायची, आजीच्या पाटल्यांबरोबरची लाल असायची, आणि कुठली काच कुणाची हे प्रत्येक पोरीला माहीत असायचं. घराण्याचा इतिहास म्हणतात तो वेगळा काय असतो?

डबे गेले कुठे?

अमेरिकेत आयांनी फेकले. आपल्याकडे? आपल्याकडे मुख्यतः शिफ्टिंगमध्ये गेले.

या पट्ट्यात माणसं आली ती कामासाठी. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, सोलापूर, आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार. राहायला भाड्याची खोली, करार अकरा महिन्यांचा. खोली बदलताना टेम्पोत आधी काय चढतं? गॅस, कपाट, भांडी, गादी, शिलाई मशीन. शेवटी जागा उरली तर पोराचा डबा. जागा उरत नाहीच. स्थानिकांच्या घरीही वेगळं नाही. जुना वाडा पाडून इमारत झाली, माळाच गेला, तर माळ्यावरचं राहणार कुठं? भंगारवाल्यानं पत्र्याचा डबा वजनावर घेतला आणि आतले कागद तिथंच ओतले.

आपल्या पुण्यातच एका माणसानं याच्या उलट केलं. दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. १९२० च्या सुमारापासून त्यांनी लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, स्वयंपाकाची भांडी. राजांच्या तलवारी सगळेच जपतात, सामान्य माणसाचा अडकित्ता कोण जपतो? त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय ते हेच. ज्यांना क्रिकेटच बघायचंय त्यांच्यासाठी सहकारनगरमध्ये ब्लेड्स ऑफ ग्लोरी आहे, सचिनच्या हस्ते २०१२ मध्ये उघडलेलं. तिथं खेळाडूंच्या बॅटी आहेत. खेळाडूंची कार्डं खिशात घेऊन फिरलेल्या पोरांचं संग्रहालय मात्र अजून कुठं नाही.

आणि तुमच्या फोनमधला डबा

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

डब्याचे थर परत एकदा नजरेखालून घाला. आधी वस्तू सापडायच्या, फुकट. मग विकत घ्याव्या लागल्या. पण सापडलेली असो की विकतची, ती एकदा डब्यात पडली की तुमची होती. कुणाला द्यायची, कशाच्या बदल्यात द्यायची, हरायची की जपायची, हे तुम्ही ठरवायचा. कंपनीला पत्ताही नसायचा.

आज तुम्ही मोबाईल गेममध्ये पॅक उघडता, त्यातून खेळाडूचं कार्ड निघतं, झगमगाट होतो. हौस तीच आहे, बोटांना तीच खाज आहे. मी नावं ठेवत नाही, मीही खेळतो. पण ते कार्ड ठेवलंय कुठं? कंपनीच्या सर्व्हरवर. गेम बंद झाला, अकाउंट गेलं, नियम बदलले, की कार्ड गेलं. मित्राला द्यायचं तर बहुतेक वेळा देता येत नाही. आणि वीस वर्षांनी तुमच्या पोराला दाखवायचं म्हणाल तर दाखवायला काय असेल? सापडलेलं होतं, त्याचं विकतचं झालं, आणि विकतचं होतं, त्याचं आता भाड्याचं झालंय. अकरा महिन्यांच्या खोलीसारखं. पैसे भरताय तोवर तुमचं.

म्हणून एक छोटं काम सांगतो. या रविवारी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "तुम्ही लहानपणी काय जमवायचा?" बोलायला लागले की फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. एखादा छाप, एखादं कार्ड, बांगडीचा एखादा तुकडा घरात निघाला, तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. आणि एका कागदावर लिहून ठेवा: कुणाचं, कुठल्या गावचं, साधारण कुठलं वर्ष, कशाच्या बदल्यात मिळालं. एवढंच. मळवलीच्या छापखान्यातल्या चित्रांवर आज पुस्तकं निघतात, कारण कुणीतरी ती भिंतीवरून काढून टाकली नाहीत.

लिलावाच्या आशेनं मात्र करू नका हं. तुमच्या काकांच्या घोडा छापाला १०० कोटी कुणी देणार नाही. २००७ पासून २०२१ पर्यंत काडेपेटी एक रुपयाला मिळत होती, आता दोन रुपयांना मिळते, आणि छाप आजही त्याच्याबरोबर फुकट आहे. पण तुमचे काका तेव्हा कुठं राहत होते, त्या घराची चूल कोण पेटवायचं, आणि तो छाप त्यांनी कुणाकडून जिंकला, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही माहीत नाही.

रेकॉर्डिंग केलंत तर आम्हाला पाठवा. चांगल्या आठवणी जमल्या तर एक भाग फक्त तुमच्या घरच्यांच्या आवाजात करू. आणि पोरींच्या डब्यांबद्दल आयांकडून, आज्यांकडून नक्की विचारून घ्या, त्या डब्याबद्दल आम्हाला अजून खूप ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात. तोवर ट्रॅफिक सुटला असेल अशी आशा करू!